आमसूल भिजवलेल्या पाण्याचा रंग

गेल्या महिन्यात आईच्या जुन्या इरकलीला ब्लाऊजपीस घ्यायला दादरच्या एका मोठ्या दुकानात गेले. "आमसुली दाखवा," म्हटलं. काउंटरमागच्या मुलाने विचारलं, "मरून का?" मी नाही म्हटलं, तर तो म्हणाला, "फोटो असेल तर द्या, ऑनलाइन बघून सांगतो." मुलगा सालस होता, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण मी रिकाम्या हाताने बाहेर पडले आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. त्याच भागात, रानडे रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, 1986 ते 1996 अशी दहा वर्षं मी एका मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे उभी होते. आमच्याकडे नुसत्या आमसुलीची तीन ठाणं होती. तीनही वेगळी, आणि गिऱ्हाइकांना तो फरक कळत असे.

ते दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या नोकरीआधी चार वर्षं मी एका औषधांच्या दुकानात होते आणि नंतर पुष्कळ वर्षं एका ऑफिसात बिलं करत होते. त्या दोन्हींबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माणसं येत, यादी देत, जात.

मॅचिंगच्या दुकानात यादी घेऊन कोणी येत नसे. माणसं वस्तू घेऊन येत. साडीचा काठ, कापलेला पदर, परकराची चिंधी हे तर रोजचंच. पण एकीने भिंतीच्या रंगाचा सुटलेला पोपडा कागदात गुंडाळून आणला होता, कारण त्या खोलीत मुलीचं लग्नाआधीचं केळवण व्हायचं होतं आणि तिला त्याच भिंतीसमोर फोटो काढायचे होते. एका शाळेच्या बाईंना लेझीमच्या पथकासाठी चोपन्न मुलींची कापडं एकाच लॉटमधली हवी होती, आणि आम्ही ठाणांच्या कडेवरचे नंबर बघत दुपार घालवली. एका नाटकवाल्याला असा काळा हवा होता जो दिव्यांखाली लालसर दिसणार नाही. तो खरोखर विचार करून आला होता, कारण स्वस्तातले बरेच काळे तीव्र उजेडात तांबूस किंवा हिरवट निघतात.

आणि एक बाई आमसूल घेऊन आल्या होत्या. रत्नागिरीकडच्या होत्या. "आमसुलाचा रंग नको," म्हणाल्या, "आमसूल भिजवलेल्या पाण्याचा हवा." आम्हाला कळेना, तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. शेठच्या चहाच्या कपात दोन आमसुलं टाकली आणि आम्ही चौघी पाच मिनिटं त्या कपाभोवती उभ्या राहिलो. रंग हळूहळू उतरला. आधी गुलाबी, मग डाळिंबीकडे झुकणारा, आणि त्याच्या मागे एक निळसर छटा. "आत्ता! थांबा, हाच!" त्या म्हणाल्या, आणि मी तिसऱ्या फळीवरून जे ठाण काढलं ते त्यांनी कपाशेजारी धरून लगेच घेतलं. ऐंशी सेंटीमीटर. आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांत त्या बाईंची ती मान डोलावणं मी वरचं मानते.

शेठ अशा गिऱ्हाइकांना 'वेळखाऊ' म्हणत. एका कापडासाठी अर्धा तास घेणारी बाई आली की मागून हिशेब ऐकू येई, एवढ्यात किती जणी गेल्या असत्या. एकदा मी घाईत दुसऱ्या लॉटचं रुबिया कापलं, बाई उन्हात बघून परत आल्या, आणि त्या तुकड्याचे पैसे माझ्या पगारातून गेले. ते मी मान्य करते, चूक माझी होती. पण दहा वर्षं आम्हाला स्टूल मिळालं नाही, ते मान्य करत नाही. सकाळी दहापासून रात्री साडेआठपर्यंत उभं राहायचं. दुकान रिकामं असलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली पोरगी रस्त्यावरून दिसली तर म्हणे धंद्याला बरं दिसत नाही. कापड दुकानांतल्या बायकांनी आवाज उठवल्यावर केरळात 2018 मध्ये कायदा बदलून विक्रेत्यांना बसायचा हक्क दिला, तामिळनाडूनेही 2021 मध्ये तेच केलं. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या पायांतल्या शिरा आधीच निळ्या झालेल्या होत्या.

दुसरा राग त्या विनोदांवर आहे. साडीच्या दुकानातली बाई, शंभर साड्या उलगडणारी, शेवटी काहीच न घेणारी. किती एकांकिका, किती दिवाळी अंकांतली व्यंगचित्रं त्यावर निघाली. लोक हसत. मी कधी हसले नाही. लिहिणाऱ्यांनी काउंटरच्या या बाजूने एकदा तरी बघायला हवं होतं. त्या बायका उगाच चिकित्सा करत नव्हत्या. "जरा उन्हात दाखवा" हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा ऐकायचो, आणि ते अगदी बरोबर होतं. दोन कापडं ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसतात आणि रस्त्यावर आणली की वेगळी पडतात, कारण त्यांत वापरलेले रंग वेगळे असतात आणि वेगवेगळ्या उजेडाला वेगवेगळं उत्तर देतात. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. हा शब्द मला फार उशिरा कळला. माझ्या गिऱ्हाइकांना तो ठाऊक नव्हता, गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती.

आमचा मुख्य माल टू बाय टू रुबिया. उभा धागाही दोन पदरी पिळाचा, आडवाही, म्हणून कापड पातळ असून दमदार. कात्रीने टोक मारायचं आणि हाताने फाडायचं, सरळ रेघेत फाटतं. त्या दशकात परळ-लालबागची माणसं आमच्याकडे खूप येत. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप कधी रीतसर संपलाच नाही, आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची घरं त्यात विस्कटली. त्यांतले एक काका, पूर्वी साचेखात्यात होते, महिन्या-दोन महिन्यांनी येत आणि म्हणत, "घ्यायचं काही नाही पोरी, जरा हात लावू दे." शेठ नसतील तेव्हा मी ठाण पुढे करायची. ते काठावर छापलेलं गिरणीचं नाव वाचत, अंगठा आणि तर्जनीत कापड चोळत, कधी नाकाशी नेत. काठावर नाव नसलेलं यंत्रमागाचं कापड असलं की न बोलता परत देत. दहा वर्षांत माझ्याकडे झालेल्या मागण्यांत सगळ्यात छोटी मागणी हीच होती.

पितृपक्षात धंदा थंड असतो. अशाच एका दुपारी एक आजोबा पिशवीतून जुनं ब्लाऊज घेऊन आले. अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बोलावली होती, तिला द्यायला पत्नीच्या आवडत्या रंगाचं कापड हवं होतं. कापड लगेच मिळालं. पण ते जाईनात. "याला म्हणतात काय?" त्यांनी विचारलं. "ती नाव घ्यायची, माझं कधी लक्ष नव्हतं." तो रंग चिंतामणी होता, निळ्या आणि हिरव्याच्या मधला. त्यांनी मला तो शब्द बिलावर लिहायला लावला, आणि चष्मा काढून, कागद डोळ्यांशी नेऊन वाचला.

आज तो शब्द विचारायला माणूस कुठे जाईल? केतकी, गुलबक्षी, श्रीखंडी, मोतिया, अंजिरी, राणी, कैरी हे आमचे रोजचे शब्द. यांतले बहुतेक कुठल्या तरी फुलातून, फळातून, नाहीतर स्वयंपाकघरातून आलेले. आता साडीलाच ब्लाऊजपीस जोडून येतं, साडेपाच मीटर साडी आणि पुढे ऐंशी सेंटीमीटर, म्हणून जुळवायचं कारणच उरलं नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून नवरात्राचे नऊ रंग घरोघर पोचले आणि दुकानांपुढे पुन्हा रांगा लागल्या. मला आधी आनंद झाला. मग ऐकू आलं, "आजचा हिरवा द्या." कुठला हिरवा? पोपटी, शेवाळी, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा? कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

एक मागणी मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आता ती बाई हयात असणं कठीण आहे, म्हणून सांगते. 1989 चा श्रावण. पन्नाशीच्या एक काकू आल्या, कपाळ मोकळं, पांढरी साडी, पांढरं ब्लाऊज. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "रंग असलेलं दे, पण घरात दिसायला नको."

मी पांढऱ्यांची फळी उपसली. शुभ्र, दुधी, मोतिया. मग एक ठाण सापडलं, अबोलीचा अगदी पुसट हात फिरलेलं. ट्यूबखाली पांढरंच वाटे. मी त्यांना दारात नेलं आणि कापड उन्हात धरलं. तो रंग वर आला. काकूंनी इकडेतिकडे बघितलं, तळहात कापडाखाली घातला आणि म्हणाल्या, "देवळात जाताना एवढं ऊन असतं."

पुढच्या वर्षी त्या परत आल्या. "याहून एक पायरी पुढचं आहे का?" होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही आल्या. सासूबाई गेल्याचं त्या वर्षी त्यांनी सांगितलं, थोरल्या दिरांचं नाव मात्र घेतलं नाही. दर खेपेला ऐंशी सेंटीमीटर, दर खेपेला दारातल्या उन्हापर्यंत आम्ही दोघी.

चौथ्या श्रावणात मी सवयीने ठाण घेऊन दाराकडे निघाले. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे आमची पक्की अबोली होती, ट्यूबखाली, अंधारात, कुठेही अबोलीच दिसणारी.

"ते काढ," म्हणाल्या.

मी शिडी लावली.