गोळी एकच, यकृत वेगळे



असोद्यात क्षयरोग्यांच्या घरी गेलो की एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते. "भाऊ, गोळ्या गरम पडतात. माझ्या भावाने ह्याच गोळ्या खाल्ल्या, त्याला काही झालं नाही. मग मलाच का?" पुढे गोळ्या परस्पर बंद होतात, कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो आणि खोकला पुन्हा घरात येतो.

प्रश्न रास्त आहे. क्षयाच्या गोळ्यांत आयसोनियाझिड हे औषध असते. १९५२ पासून ते वापरात आहे. यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे रूप बदलते आणि मग ते शरीराबाहेर पडते. हे विकर घडवणारे जनुक आईकडून एक व वडिलांकडून एक असे मिळते. दोन्ही मंद मिळाले तर औषध रक्तात जास्त वेळ राहते. म्हणून सख्ख्या भावांतही फरक पडतो. यात ना नजर, ना कोणाचे पाप. भारतात निम्म्याहून अधिक माणसे मंद गटातली आहेत.

मंद गटात हातापायांना मुंग्या येण्याचा आणि यकृताला सूज येण्याचा धोका जास्त असतो. मुंग्यांसाठी डॉक्टर ब-६ जीवनसत्त्व देतात.

जलद गटाचे दुखणे उलटे आहे. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राला आढळले, की आठवड्यातून एकदाच औषध दिल्यास जलद गटाला गुण कमी येतो. दोनदा दिल्यास हा फरक राहत नाही. आपल्याकडे २०१७ पासून सरकारी उपचारात गोळ्या रोज दिल्या जातात. त्या चुकवू नयेत.

आपण कोणत्या गटातले, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणून लक्षणे ओळखा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याला भिऊ नका. पण डोळे पिवळे झाले, भूक मेली, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तेथे रक्त तपासून यकृताची स्थिती कळते. कोणती गोळी थांबवायची, कोणती पुन्हा सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतील. दारू पीत असाल तर तेही लपवू नका. दारूने यकृताचा धोका वाढतो.

भावाला सोसले म्हणून अंगावर काढू नका, आणि आपल्याला त्रास झाला म्हणून घरातल्या दुसऱ्याच्या गोळ्या बंद करू नका.