ताकात भिजलेले उडीद

इडली आज घरोघरी न्याहारीला असते; परंतु तिच्या प्राचीन लिखित खुणा जैन ग्रंथातही सापडतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. शिवकोट्याचार्यांच्या दहाव्या शतकातील ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात, घरी आलेल्या ब्रह्मचाऱ्यास वाढलेल्या १८ पदार्थांत ‘इड्डलिगे’ आहे. पुढे चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या पदरी असलेल्या चावुंडराय या कवीने इ. स. १०२५ च्या सुमारास ‘लोकोपकार’ रचला. शेती, पाण्याचा शोध व वैद्यक यांबरोबर त्याने स्वयंपाकालाही त्यात स्थान दिले.

त्याची कृती अशी : उडीद ताकात भिजवून बारीक वाटावेत, दह्याच्या निवळीत कालवावेत आणि जिरे, मिरे, हिंग आदी मसाला घालावा. तांदळाचा उल्लेख नाही. पीठ रात्रभर आंबविण्याचाही नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’तली ‘इड्डरिका’ तर तुपात तळलेली आहे.

कच्चे ताक आणि कडधान्य म्हटले की श्रावकाघरी द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी ताक आधी तापवून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. ही रीत सासूने सुनेला सांगितली. वहीत मात्र क्वचितच उतरली.

हजार वर्षांपूर्वीची कृती आज हाती येते, ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणून. जमाखर्च रोजच्या रोज मांडणाऱ्या घरांनी एक वही स्वयंपाकघरातही उघडावी. जी नोंद आज राहिली, ती उद्या कोणाला विचारणार?