भयकथेला शरीर देतं ती दाद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली गोष्ट. कुमाऊँच्या पायथ्याशी कालाढुंगी नावाचं गाव आहे. तिथल्या बोर नदीच्या जुन्या लाकडी पुलावर चौदा मुलं-मुली बसली होती, आठ ते अठरा वर्षांची. रस्त्याच्या मधोमध पेटवलेली काटक्यांची शेकोटी निखाऱ्यांवर आली होती आणि भोवती जंगल होतं. डॅन्से नावाचा एक आयरिश माणूस त्यांना भुतांच्या गोष्टी सांगत होता. अंधार दाटू लागला तशी एक मुलगी सारखी मागे वळून पाहू लागली. शेवटी शेजारची मुलगी तिला म्हणाली, अशी मागे बघत राहू नकोस, त्यानं मलाच भीती वाटते. श्रोत्यांतल्या एका लहानग्यानं पुढे हा प्रसंग लिहून ठेवला. तो जिम कॉर्बेट. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'जंगल लोअर' या पुस्तकाची सुरुवातच या प्रसंगानं होते.

रानातली भयकथा ऐकणाऱ्याचं काय होतं, याची यापेक्षा नेमकी नोंद माझ्या वाचनात नाही. गोष्ट शब्दांतली, पण मान खरोखर वळते. ती वळते मागे, जिथे डोळे पोचत नाहीत. आणि एकीची भीती दुसरीला लागते. या तिन्ही गोष्टी आज प्रयोगशाळांत मोजल्या जात आहेत.

आधी मागे वळण्याबद्दल. माणसाचे डोळे समोर आहेत, त्यामुळे पाठीमागचं सगळं जग कानांच्या भरवशावर असतं. रात्री तर समोरचंही. ख्रिस्तियाँ ग्रिलॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधी चाचणी केली. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या आपोआप मिटतात. हे दचकणं किती तीव्र आहे ते उपकरणानं मोजता येतं. तोच आवाज अंधारात ऐकवला तेव्हा लोक जास्त दचकले. उंदरांचं नेमकं उलट असतं, ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. निशाचर प्राण्याला उजेड धोक्याचा आणि आपल्याला अंधार, इतकी ही भीती शरीरात मुरलेली आहे. ती निराधारही नाही. क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी टांझानियात १९८८ ते २००९ या काळात माणसांवर झालेल्या सिंहांच्या हल्ल्यांचा अभ्यास केला. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, म्हणजे सूर्य मावळून चंद्र अजून उगवायचा असतो अशा काळोख्या वेळा असलेल्या रात्रींत, हल्ले सर्वाधिक होते. अंधारात कान टवकारणारे आपले पूर्वज वेडे नव्हते.

म्हणूनच सांगितलेली भयकथा दाखवलेल्या भयकथेहून वेगळी ठरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डॅनियल रिचर्डसन यांच्या गटानं २०२० मध्ये एकाच कथेचा प्रसंग काही वेळा पडद्यावर दाखवला, काही वेळा नुसता वाचून ऐकवला. आपण कशात जास्त गुंतलो, असं विचारल्यावर लोकांनी पडद्याच्या बाजूनं कौल दिला. शरीराचा कौल मात्र वेगळा होता. ऐकताना हृदयाचे ठोके जास्त होते, त्वचेतली विद्युतवाहकता वाढलेली होती, अंगाचं तापमानही किंचित चढलेलं होतं. हे संशोधन ध्वनिपुस्तकं विकणाऱ्या कंपनीच्या सहकार्यानं झालं होतं, हे वाचकांना सांगायलाच हवं. तरीही त्यामागचा तर्क मला पटतो. पडद्यावरचा राक्षस दिग्दर्शकानं बनवलेला असतो. त्याचं तोंड एकदा दिसलं की तो तेवढाच उरतो. 'झाडीत काहीतरी हललं' हे वाक्य कानावर पडलं की ते 'काहीतरी' ऐकणाऱ्याला स्वतः घडवावं लागतं, आणि ते घडवायला तो स्वतःच्याच आठवणी आणि स्वतःच्याच धास्ती वापरतो. या कामात शरीर राबतं.

अंगावर काटा येणं हा त्या राबण्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला पुरावा. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू अनुकंपी चेतासंस्थेच्या हुकमानं आकसतात आणि केस ताठ होतात. मांजर घाबरलं की फुगून मोठं दिसतं, त्याचाच हा आपल्या अंगावर उरलेला अवशेष आहे.

यापुढचा शोध मला फार सुंदर वाटतो. भा. रा. भागवतांमुळे मराठी मुलांच्या ओळखीचा झालेला ज्यूल व्हर्न आठवा. त्याच्या समुद्रतळाच्या सफरीच्या कादंबरीतले उतारे संशोधकांनी काही जणांना ऐकवले. ऐकणारे एकत्र नव्हते. प्रत्येकानं ते एकट्यानं, वेगळ्या वेळी ऐकले. तरीही त्यांच्या हृदयगतीचे आलेख एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा गोष्टीच्या त्याच त्या जागी ठोके जलद झालेले आणि त्याच जागी मंदावलेले दिसले. एकमेकांना कधी न भेटलेली हृदयं एका गोष्टीच्या तालावर चालत होती. ऐकताना मनातल्या मनात उलटे आकडे मोजायला लावले, की हा मेळ ढासळत होता. ज्यांचा मेळ अधिक जुळला त्यांना गोष्टही अधिक आठवली. श्वासाचा मेळ मात्र जुळला नाही. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उरी हॅसन यांच्या गटानं सांगणारा आणि ऐकणारा यांच्या मेंदूंचं चित्रण केलं होतं. ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल सांगणाऱ्याच्या मागोमाग, थोड्या उशिरानं, तशीच उमटत होती. काही भागांत तर ती सांगणाऱ्याच्याही आधी उमटत होती. म्हणजे ऐकणारा पुढचं ओळखू पाहत होता. जे असं अधिक ओळखू पाहत होते, त्यांना गोष्ट अधिक चांगली कळली होती.

भयकथेचा सगळा प्राण या पुढचं ओळखू पाहण्यात आहे. सांगणारा आवाज खाली आणतो, एक वाक्य अर्धं सोडतो, थांबतो. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याचं मन चार पावलं पुढे जाऊन काळोखात डोकावून येतं. आपल्याकडच्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण 'आणि मग...' म्हणून त्या नेमक्या तिथेच पान लावायला घ्यायच्या. आणि किंकाळीची नक्कल आली की ऐकणारा हमखास दचकतो. लुक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा अशी झरझर खालीवर होते. साध्या बोलण्यात हा खरखरीतपणा नसतो. मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी संबंधित भागाला तो थेट जागं करतो.

पण भीती आणि मजा यांचं नातं सरळ नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठात करमणुकीच्या भीतीचाच अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या मार्क आनर्सन, मथियास क्लासन आणि सहकाऱ्यांनी वायले इथल्या एका भूतघरात ११० जणांना हृदयगती मोजणारी उपकरणं लावून सोडलं. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा: भीती अगदी कमी असली तर मजा नाही, फार झाली तरी मजा नाही. मजा मधल्या पट्ट्यात असते, आणि हृदयगतीतले चढउतारही तिथे बेताचेच असतात. हे भूतघरातलं मोजमाप आहे, सांगितलेल्या गोष्टीचं नाही. पण भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. भीती मिठासारखी बेतानं घालावी लागते. समोर बसलेला सांगणारा श्रोत्यांचे चेहरे बघत असतो. धाकटीनं पांघरूण डोक्यावर ओढलं की तो मध्येच एक हसू येणारं वाक्य घालतो. मोठी पोरं आळसावली की वाट आणखी काळोखात नेतो. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रित भयकथेला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. एकट्या मुलाच्या कानात इअरफोन आणि त्यात न थांबणारी भीती, हा प्रकार मला मुळीच बरा वाटत नाही.

गोष्ट ऐकतानाची ही सोबत किती जुनी आहे पाहा. मानवशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांनी कलहारी वाळवंटातल्या जुऽहोआन्सी लोकांची १९७४ मधली संभाषणं तपासून २०१४ मध्ये लेख लिहिला. दिवसाच्या बोलण्यात गोष्टी जेमतेम ६ टक्के होत्या. बाकी मुख्यतः कामधंदा आणि एकमेकांबद्दलच्या तक्रारी. रात्री शेकोटीभोवती मात्र ८१ टक्के बोलणं गोष्टींचं होतं. त्या सगळ्या भीतीच्या नव्हत्या, बहुतेक माणसांच्याच होत्या. पण गोष्ट ही रात्रीची, उजेडाच्या छोट्या वर्तुळातली आणि सगळ्यांनी मिळून ऐकायची चीज आहे, हे त्यातून दिसतं.

मग रानच का? घरातलं भूत, गाडीतलं भूत असताना रानातली गोष्ट इतकी खोल का जाते? काही वर्षांपूर्वी याचं एक आकर्षक उत्तर तयार होतं. जेम्स नेअर्न आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना कल्पना करायला सांगितली, की आपण परमुलखातल्या गवताळ प्रदेशात अडकलो आहोत आणि जगायचं आहे. मग काही शब्द देऊन, यातलं काय उपयोगी पडेल, असं विचारलं. असा विचार करून पाहिलेले शब्द इतर रीतींनी पाहिलेल्या शब्दांपेक्षा चांगले लक्षात राहिले. आपली स्मरणशक्ती आदिमानवाच्या माळरानासाठीच घडली आहे, असा अर्थ अनेकांनी काढला. २०११ मध्ये दोन संशोधकांनी तोच प्रयोग झोंबींचा हल्ला कल्पून केला. आदिमानवानं कधी न पाहिलेल्या झोंबींच्या धास्तीनं शब्द आणखी चांगले लक्षात राहिले, आणि प्रसंग माळरानातला की शहरातला यानं फरक पडला नाही. तेव्हा रानाला स्मरणशक्तीत राखीव जागा आहे, असं म्हणता येत नाही.

माझं मत असं, की रान गोष्टीला दोन गोष्टी आयत्या पुरवतं: ज्याचा धनी दिसत नाही असा आवाज, आणि हरवलेली वाट. दोन्ही खऱ्या आहेत, म्हणूनच गोष्ट खोल जाते.

आवाजाचं उदाहरण कॉर्बेटचंच. डॅन्सेच्या गोष्टींत बॅन्शी असायची, म्हणजे किंकाळी फोडून मरणाची वर्दी देणारी आयरिश भुतीण. पुढे लहानग्या जिमनं जंगलात सोसाट्याच्या वाऱ्यात ती किंकाळी प्रत्यक्ष ऐकली आणि तो हादरला. पण कुतूहल भीतीवर मात करून गेलं. आवाजाच्या दिशेनं दबकत गेल्यावर दिसलं, की वाऱ्यानं एक झाड दुसऱ्यावर कललं आहे आणि घासून गुळगुळीत झालेलं लाकूड लाकडावर रगडलं जात आहे. जंगलातल्या प्रत्येक अनोळखी गोष्टीच्या मुळाशी जायची ओढ आपल्याला त्या दिवसापासून लागली, असं त्यानं लिहिलं आहे. भयकथा ऐकलेली नसती, तर त्या आवाजामागे तो गेला असता का? मला नाही वाटत.

हरवलेल्या वाटेसाठी आपल्याला कुमाऊँला जावं लागत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर चकव्याच्या, म्हणजे वाट चुकवणाऱ्या भुताच्या, गोष्टी सांगतात. रात्री रानातून निघालेला माणूस चालत राहतो, चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाशी येतो. उजाडेपर्यंत सुटका नाही. यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच मोजलं. जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात सहा जणांना सरळ चालत राहायला सांगितलं आणि जीपीएसनं त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तेव्हा चालणारे जवळजवळ सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले चारही जण गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधले तेव्हा तर काही जण अवघ्या २० मीटर व्यासाच्या वर्तुळात घुमत राहिले. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हा समज इथे टिकला नाही. 'सरळ' कुठे आहे, याचा मेंदूचा अंदाज पावलागणिक थोडा थोडा चुकतो आणि दुरुस्त करायला सूर्य, चंद्र, डोंगर असं काही दिसत नसलं की चुका साठत जातात.

आता चकव्याची गोष्ट पुन्हा ऐकून पाहा. माणूस गोल फिरतो, हे खरं. त्याला ते कळत नाही, हेही खरं. उजाडल्यावर तो सुटतो, तेही खरं, कारण दिशा परत मिळते. कारण चुकीचं, निरीक्षण अचूक. ही गोष्ट ऐकून ज्याच्या अंगावर काटा आला, तो रानात वाट चुकल्यावर रात्री भटकणार नाही, एका जागी थांबून उजाडायची वाट बघेल. सह्याद्रीत वाट चुकलेल्या माणसाला आजही हाच सल्ला दिला जातो.

तेव्हा मुलांना रानातल्या भीतीच्या गोष्टी जरूर सांगा. स्वतःच्या तोंडानं सांगा, फोन बाजूला ठेवून, त्यांचे चेहरे बघत. अगदी लहानांना आणि नुकत्याच कुठल्या खऱ्या धक्क्यातून गेलेल्या मुलाला यातून वगळा, आणि कुणी कानांवर हात ठेवले तर थांबा. शेकोटी नसली तरी चालेल. उन्हाळ्यात सह्याद्रीचं वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं, त्यामुळे तेव्हा ती नसलेलीच बरी. आणि रात्री टिटवी ओरडली, पिंगळा किंचाळला, भेकर भुंकलं आणि मुलं दचकली, तर सकाळी त्यांना घेऊन त्या आवाजाच्या दिशेनं नक्की जा.