चंचल चित्त आणि खिन्न मन

सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हें मोठें गांव लागतें. अशा गांवांतून रोज सकाळीं एस. टी.नें सोलापुरास नोकरीसाठीं जाणारा एखादा मध्यमवयीन कारकून डोळ्यांपुढें आणावा. बुद्धीनें तल्लख, बोलण्यांत गोड, मित्राच्या अडचणीला धांवून जाणारा. पण विजेचें बिल मुदत टळल्यावर भरणार, छत्री गाडींत विसरणार, हातांतलें टिपण अर्धवट टाकून दुसरें उघडणार आणि साहेबांचा प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर देणार. घरचीं माणसें त्याला लहानपणापासून वेंधळा म्हणत आलीं. अलीकडे मात्र त्याची झोंप उडाली आहे, अन्नावर वासना नाहीं, आणि संध्याकाळीं चार मंडळींत बसणेंहि त्यानें सोडलें आहे. घरांतील लोक म्हणतात, "त्याचा स्वभावच तसा." प्रश्न असा कीं, हा सारा स्वभावच काय? कीं जुन्या स्वभावाच्या आड एक नवें दुखणें येऊन बसलें आहे?

त्यांतील जुन्या चंचलतेला वैद्यकशास्त्रांत अवधान-न्यूनता व अतिचंचलता असें म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ए. डी. एच. डी. हें नांव रूढ झालें आहे. १९०२ सालीं डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं लंडन येथें अशा मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं. वय वाढलें कीं ही खोड आपोआप जाते, असा पुढें बरींच वर्षें समज होता. तो आतां टिकत नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत बाहेरची धांवपळ थांबते, पण मनांतली थांबत नाहीं. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं जे निकष ठरविले, त्यांप्रमाणें हीं लक्षणें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वींच दिसूं लागलेलीं असावीं लागतात. हा आळस नव्हे, आणि आईबापांच्या लाडाचा परिणामहि नव्हे. आनुवंशिकतेचा यांत मोठा वांटा असतो.

अशा चित्ताला सोबती लवकर मिळतात आणि ते चांगले नसतात. अमेरिकेंत झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, ही अवस्था असलेल्या प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें ४७ जणांना वर्षभरांत कोणता ना कोणता चिंताविकार झाला होता, आणि शेंकडा सुमारें ३८ जणांना विषादासारखा मनोवृत्तीचा विकार झाला होता. याचें कारण कांहीं अंशीं रक्तांत असतें आणि कांहीं अंशीं आयुष्यांत. "हुशार आहे, परंतु लक्ष देत नाहीं" हा शेरा ज्याच्या प्रगतिपुस्तकावर वर्षामागून वर्ष पडला, त्याला पुढें घरीं व कचेरींत तोच शेरा निराळ्या शब्दांत ऐकावा लागतो. तीस वर्षें ऐकलेला शेरा अखेर माणसाला स्वतःचाच वाटूं लागतो. मुलींच्या वांट्याला तर शेराहि येत नाहीं. वर्गांत गडबड न करतां खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी शांत म्हणून नांवाजली जाते, आणि तिची अडचण प्रौढपणापर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

म्हणून आज जाणते वैद्य असें सांगतात कीं, प्रौढ माणसांत अशी चंचलता आढळली कीं चिंता व विषाद यांचीहि चांचणी करावी. आणि उलट, औषधें घेऊनहि ज्याचा विषाद वारंवार परततो, त्याच्या बालपणाची चौकशी करावी. या चांचणीला चाळणी म्हणणें सार्थ ठरेल. चाळणी धान्यांतून संशयित खडे वेगळे काढते. तो खडा आहे कीं जाड दाणा, हें हातांत घेऊनच पाहावें लागतें. तसेंच येथें आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे.

या चाळण्या साध्या प्रश्नपत्रिकांच्या असतात. विषादासाठीं नऊ प्रश्नांची एक पत्रिका २००१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि चिंतेसाठीं सात प्रश्नांची २००६ सालीं. दोहोंतहि गेल्या दोन आठवड्यांविषयीं विचारलें जातें, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. दहा किंवा अधिक गुण झाले म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. चंचलतेसाठीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानें तयार झालेली अठरा प्रश्नांची पत्रिका आहे. तिच्यांतील पहिले सहा प्रश्न प्राथमिक चाळणीस पुरतात.

मात्र या ठिकाणीं एक खांच आहे. विषादाच्या पत्रिकेंत "वाचतांना लक्ष लागत नाहीं काय?" असा प्रश्न आहे, आणि चिंतेच्या पत्रिकेंत "एका जागीं बसवत नाहीं काय?" असा. चंचल चित्ताचा माणूस या दोहोंना जन्मभर 'होय' म्हणत आला आहे. त्याचे गुण विषादाशिवायहि फुगतात. याच्या उलट, खरा विषाद आला तरी "हें तर माझें नेहमींचेंच" असें म्हणून तो स्वतःच त्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणून नुसती बेरीज न पाहतां कोणत्या प्रश्नाला किती गुण पडले, हें पाहावें लागतें.

दोहोंतला भेद ओळखण्याची पहिली खूण म्हणजे काळ. चंचलता शाळेपासून अखंड चालत आलेली असते. विषादाला आरंभ असतो. "हें असें केव्हांपासून?" या एका प्रश्नानें बराच उलगडा होतो. दुसरी खूण गोडीची. चंचल माणूस एका गोष्टीस कंटाळतो, पण नवी गोष्ट पुढें आली कीं खुलतो. विषण्ण माणसाला नवेंहि गोड लागत नाहीं. तिसरी खूण काळजीची. बिल भरावयाचें राहिलें म्हणून वाटणारी काळजी बिल भरल्यावर निवते. चिंताविकारांतली काळजी एक कारण संपलें कीं दुसरें शोधते. जुनें प्रगतिपुस्तक आणि आई किंवा वडील भावंड यांची आठवण या कामीं फार उपयोगी पडते. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, अपुरी झोंप किंवा मद्यपान यांनींहि अशीं लक्षणें उमटतात, हें वैद्य आधीं पाहून घेतो.

हा सारा खटाटोप कशासाठीं? उपचाराचा क्रम यावर अवलंबून असतो म्हणून. विषादावरचीं नेहमींचीं औषधें अवधान सुधारतीलच असें नाहीं. आणि अवधानासाठीं दिलेल्या उत्तेजक औषधानें एखाद्याची धडधड व अस्वस्थता वाढूं शकते. सामान्यतः जें दुखणें अधिक तीव्र व धोक्याचें, त्यावर प्रथम इलाज करतात. आणि धोका हा शब्द येथें सहज वापरलेला नाहीं. विषादाच्या पत्रिकेंतील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयीं आहे. आततायीपणा आणि निराशा एकत्र आलीं म्हणजे विचार आणि कृति यांमधलें अंतर कमी होतें. एकूण गुण कितीहि कमी असोत, या प्रश्नाचें उत्तर 'होय' आलें तर त्याच दिवशीं तज्ज्ञास गांठावें. असा प्रश्न विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही भीति खोटी आहे. विचारल्यानें बहुधा मन हलकेंच होतें.

खेड्यांत हें जमेल काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. विषादापुरतें तरी महाराष्ट्रानें त्याचें उत्तर दिलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम गांवच्याच कार्यकर्त्यांच्या साहाय्यानें चालविला गेला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें तेथील विषण्ण माणसांपैकीं मदत घेणारांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४ वरून शेंकडा २७ वर गेलें. आशाताई तीस वर्षांवरील माणसांची जी आरोग्यपत्रिका भरतात, तिच्यांतहि विषादाचे दोन प्रश्न आहेत. अवधानाविषयीं मात्र त्या पत्रिकेंत कांहीं नाहीं. ती चौकशी पुढें डॉक्टरांनींच करावयाची असते. सोलापूरच्या भागांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. येथें घरांत कोणी कानडी बोलतो, कोणी तेलुगु, कोणी मराठी. मनाचें दुखणें माणूस घरच्या भाषेंतच सांगतो. "जीव लागत नाहीं," "छातींत धस्स होतें," असें म्हणतो. प्रश्नहि त्याच भाषेंत विचारावा.

उपचाराची वाट फार दूर नाहीं. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्रसरकारची 'टेलि-मानस' ही सेवाहि सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें.

वळसंगच्या त्या कारकुनाला नव्या शेऱ्याची गरज नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतल्या कोणीतरी त्याच्या शेजारीं बसावें आणि "असा कां वागतोस?" असें न विचारतां "केव्हांपासून असें वाटतें?" एवढेंच विचारावें. पहिल्या प्रश्नानें तो गप्प होईल. दुसऱ्यानें कदाचित् बोलूं लागेल.