बिनपगारी इंटर्नशिप: बीदर-कलबुर्गीतले समज आणि वस्तुस्थिती

पगार नाही म्हणजे खर्चही नाही, हा पहिला गैरसमज, आणि तोच सगळ्यात महागात पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत इंटर्नशिपच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले आहेत. चौथ्या सत्रानंतर दोन ते चार श्रेयांकांची, म्हणजे ६० ते १२० तासांची इंटर्नशिप सुचवली आहे. रोज आठ तास धरले तर १२० तासांचे १५ दिवस होतात. कर्नाटकात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये होती. पंधरा दिवसांचे झाले ५,५५०. आळंद किंवा औरादच्या ज्या घरातला मुलगा सुट्टीत मजुरीला जातो, त्या घराने इंटर्नशिपपायी एवढे पैसे सोडलेले असतात. वर बसभाडं, दुपारचं जेवण, मोबाइलचा रिचार्ज. डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला आली असताना कॉलेजने इंटर्नशिप लावली तर शिवारात एक माणूस कमी पडतो, तो हिशेब वेगळाच.

बसभाड्याची गोष्ट तर मुलामुलींना सारखी लागूच होत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसने राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास करता येतो. औरादहून बीदरला रोज येणारी मुलगी पैसे न देता येते, तिचा भाऊ तिकीट काढतो. इंटर्नशिप देणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने निदान एवढं तरी विचारावं, की तू येतोस कसा आणि त्याला किती लागतात.

हे सगळं मान्य करूनही मी या इंटर्नशिपच्या बाजूने आहे. मात्र अटींवर, आणि त्या अटी विद्यार्थ्याने स्वतः घालाव्यात.

“चार माणसांची संस्था, तिथे काय शिकणार?” हा प्रश्न भालकीपासून कमलापूरपर्यंत पालक विचारतात. मोठ्या कंपनीत पंधरा दिवसांसाठी आलेल्या पोराला बहुतेकदा एका टेबलावरचं एकच काम मिळतं. छोट्या संस्थेत अर्ज लिहिण्यापासून त्याचं उत्तर येईपर्यंत सगळं एकाच्याच हातून जातं. बचत गटाचं उदाहरण घ्या. हा भाग त्या कामात नवखा नाही. मायराडा या संस्थेने १९८० च्या दशकात कर्नाटकात असे गट उभे केले, १९९२ मध्ये नाबार्डने गट आणि बँका जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला आणि बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्याच दशकात या कामात पुढाकार घेतला. आज एखाद्या गटाची वही उघडून बसलं, की एका पानावर दहा-वीस बायकांची नावं, समोर सही किंवा अंगठा, त्यापुढे बचत, कर्ज, फेड. शेवटची बेरीज आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळत नाही. कुणी पैसे खाल्ले म्हणून नव्हे. बँकेने कापलेलं शुल्क किंवा जमा केलेलं व्याज वहीत चढवायचं राहून गेलेलं असतं. हे शोधायला दोन दिवस लागतात. बी.कॉम.ची तीन वर्षं बँक ताळमेळ पत्रक पाठ केलेल्या मुलीला ते पत्रक कशासाठी असतं हे तिथे कळतं, कारण समोर बसलेल्या बाईचं पुढचं कर्ज त्या बेरजेवर अडलेलं असतं.

सीमाभागातल्या मराठी मुलांकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची किंमत त्यांना स्वतःलाच कळलेली नसते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. तेव्हापासून इथल्या कित्येक घरांत बोलणं मराठीत, कचेरीचा कागद कन्नडमध्ये आणि बाजारात दखनी. एखादी विधवा बाई पेन्शनचा अर्ज घेऊन नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत जाते. आधारवर सुलोचना, रेशनकार्डावर सुलाबाई, जमिनीच्या पहाणीवर नवऱ्याचं नाव कन्नडमध्ये भलत्याच तऱ्हेने लिहिलेलं. अर्ज परत येतो. तीन भाषा जाणणारा विद्यार्थी तिच्याशेजारी बसून तिन्ही कागद एकाखाली एक मांडतो आणि कोणता आधी दुरुस्त करायचा ते ठरवतो. बेंगळुरूहून आलेल्या हुशार पोराला हे जमणार नाही. छोट्या संस्था नेमक्या अशाच माणसाच्या शोधात असतात. म्हणून “संस्था आपल्यावर उपकार करते” या भावनेने तिथे जाऊ नये.

विद्यार्थिदशेतलं काम वाया जात नाही, याचा दाखला सीमेपलीकडे जवळच आहे. तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या अणदूरची हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था मुळात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गटातून उभी राहिली. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांचे सहकारी पुढे तिथेच स्थिरावले, गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. प्रत्येकाने असंच करावं, असं मी म्हणत नाही. आपल्याला काय करायचं नाही, हे पंधरा दिवसांत कळलं तरी पुष्कळ.

आता “संस्थांकडे पैसा असतो, देत नाहीत” या समजाबद्दल. काहींच्या बाबतीत तो खरा असेल. पण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतला २० टक्क्यांहून जास्त हिस्सा प्रशासकीय खर्चाला वापरता येत नाही. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. मोठ्या संस्थेला मिळालेली परदेशी देणगी लहान संस्थेकडे वळवायलाही त्याच दुरुस्तीने बंदी घातली. तालुक्याच्या संस्थांना जो आधार वरून झिरपत यायचा, तो आटला. महिना दोन हजारांचं मानधनही त्यांना जड जातं, ते यामुळे. मात्र “इंटर्नला पैसे द्यायला कायद्याने मनाई आहे” असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे. अशी मनाई कुठेही नाही. उलट १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप ही वेगळी गोष्ट, तिथे विद्यावेतन सक्तीचं आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना दरमहा पैसे देते खरी, पण ती मोठ्या कंपन्यांतल्या जागांसाठी आहे, गावच्या संस्थेसाठी नाही.

“यूजीसीने सक्ती केलीय, आता सांगतील ते करायचं” असंही ऐकू येतं. कर्नाटक सरकारने सुखदेव थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून तीन वर्षांची पदवी परत आणली. त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमात किती तास आणि किती श्रेयांक, हे विद्यापीठाच्या कागदावरच पाहावं. गुलबर्गा विद्यापीठाचं एक असेल, कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठाचं दुसरं. तास भरले की काम संपलं; संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचं लग्न त्यात येत नाही.

प्रमाणपत्राने नोकरी लागते, हाही भ्रम. सरकारी जाहिरातींत अनुभव मागितला तर तो बहुतेकदा पदवीनंतरचा मागतात. मुलाखतीत उपयोगी पडतं ते स्वतः केलेलं काम सांगता येणं.

सगळ्यात गंभीर गैरसमज मुलींच्या बाबतीतला: “आपण पगारी नोकर नाही, मग तक्रार कुठे करणार?” कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मोबदला न घेणाऱ्या, स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या आणि प्रशिक्षणार्थी अशा सगळ्यांना कर्मचारीच मानतो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवी. छोट्या संस्थेत दहा माणसं नसतातच, म्हणून तिथल्या मुलीसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. कॉलेजने मुलींना पाठवण्याआधी या समितीचा पत्ता वर्गात फळ्यावर लिहून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गावोगाव एकटीने फिरायचं काम असेल तर सोबत कोण येणार, हेही आधीच ठरवावं.

अटी कोणत्या घालायच्या, तर एका पानाचं पत्र पुरे. काम कोणतं, तास किती, रोज कुणाला भेटायचं, प्रवासखर्च कोण देणार, शेवटी हातात काय मिळणार. पत्र कन्नडमध्ये असेल तर समजून घेतल्याशिवाय सही करू नये. आणि सलग पंधरा दिवसांचा हट्ट कॉलेजांनी सोडावा. तुरीची काढणीही नको आणि कलबुर्गीत पारा चाळिशीपार जातो तो मे महिनाही नको. दर शनिवारी सहा तास दिले तरी वीस आठवड्यांत १२० तास होतात, आणि तेवढ्या दिवसांत त्या पेन्शनच्या अर्जाचं उत्तरही आलेलं असू शकतं.