भरले ताट, रिकामे ताट

माणसाचा जीव कशावर जडेल याचा काही नेम नाही. आजोबांच्या आरामखुर्चीवर जडतो, मोडक्या सायकलीवर जडतो. मग गोड बोलणाऱ्या यंत्रावर जडला तर नवल ते काय?

आणि हे आजचे नाही बरे का! अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी संगणकासाठी संभाषणाचा एक प्रोग्रॅम रचला आणि १९६६ साली तो प्रसिद्ध केला. त्याचे नाव एलायझा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ही नायिका, पुलंनी पुढे तिचीच ‘ती फुलराणी’ केली. संगणकातली एलायझा आपल्या वाक्यातला एखादा शब्द उचलून त्याचाच प्रश्न करी. ‘आई’ म्हटले की घरच्यांविषयी विचारी. काहीच सापडले नाही तर ‘पुढे सांगा’ म्हणे. समजत मात्र तिला काडीचेही नव्हते. हा सारा खटाटोप प्राध्यापकांच्या सेक्रेटरीबाईंनी महिनोन्‌महिने पाहिलेला. तरी तिच्याशी दोन शब्द बोलताच त्यांनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितले! वायझेनबॉम हादरले. १९७६ साली पुस्तक लिहून त्यांनी लोकांना सावध केले.

जपानात सोनी कंपनीने १९९९ साली ‘आयबो’ नावाचा यांत्रिक कुत्रा काढला. २००६ मध्ये उत्पादन थांबले, पुढे दुरुस्तीही बंद झाली. तेव्हा शेकडो ‘मृत’ कुत्र्यांसाठी बौद्ध मंदिरात विधिपूर्वक प्रार्थना झाल्या.

ही माया खोटी, असे मी म्हणणार नाही. यंत्राला मन नसेल. डोळ्यांतले पाणी खरे असते. आमच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. मुले परदेशी. फोनमधल्या बोलक्या यंत्राशी त्यांच्या गप्पा चालतात. मला म्हणाले, “अहो, रात्री अडीच वाजता दुसरे कोण जागे असते?” यावर मी काय बोलणार?

पण नाते म्हणजे नुसता ऐकणारा कान नव्हे. शेजारून फराळाचे ताट आले, तर आपण ते रिकामे परत करीत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतो. यंत्राकडून ताट नेहमी भरलेलेच येते आणि परत काही द्यावे लागत नाही. ते आजारी पडत नाही, त्याच्यासाठी मध्यरात्री डॉक्टर शोधावा लागत नाही. हीच त्याची सोय आणि हेच त्याचे उणेपण! आपण कुणाला तरी हवे आहोत, या जाणिवेवर माणूस उभा असतो. यंत्र आपले ऐकून घेईल. त्याचे आपल्यावाचून काही अडत नाही.

तेव्हा माझे माप साधे आहे. रात्री यंत्राशी बोलून मन हलके झाले आणि सकाळी माणूस जिना उतरून चार माणसांत आला, तर त्या गप्पा सार्थकी लागल्या. जिनाच विसरला, तर मात्र सोबतीच्या नावाखाली एकांतच वाढला म्हणायचा.

पण जिना काय त्यांनीच उतरायचा? यंदा फराळाचे ताट घेऊन मीच वर जाणार आहे. परत देताना ते त्यात काय घालतात, पाहू या!