विषाची वार्ता देणारा प्रकाश

पाणी नितळ दिसलें, त्याला वास आला नाहीं आणि तें चवीलाही बरें लागलें, म्हणजे तें निर्दोष आहे असें आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों आहों. वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या ठिकाणीं, जेथें शेत, गोठा आणि विहीर यांचा निकट शेजार असतो, तेथें हा समज एकदां तपासून पाहणें अगत्याचें आहे. शेतांतील खताचा आणि गोठ्यांतील शेणमुताचा अंश पावसाबरोबर जमिनींत मुरतो व काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीपर्यंत पोहोंचूं शकतो. त्याबरोबर येणाऱ्या नायट्रेटला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असें भारतीय मानक सांगतें. ही मर्यादा ओलांडलेल्या पाण्यांत वरचें दूध कालवून तान्ह्या बाळास दिलें, तर त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति क्षीण होऊं शकते. पाणी उकळून हा दोष जात नाहीं. उलट पाणी आटतें आणि दोष दाट होतो.

जें डोळ्यांना दिसत नाहीं तें दाखवावें कसें, हा रसायनशास्त्रापुढील जुना प्रश्न होय. त्याचें एक मनोहर उत्तर प्रकाशांत सांपडलें आहे. नोटा पारखण्यासाठीं दुकानदार जो जांभळट दिवा ठेवतात, त्याखालीं स्पिरिटांत कालवलेली हळद धरली, तर ती हिरवट-पिवळी चमकते. डोळ्यांना न दिसणारे किरण गिळून दिसणारा प्रकाश परत देण्याच्या ह्या गुणास ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५२ सालीं फ्लुओरेसन्स असें नांव दिलें. आतां अशा चमकणाऱ्या पदार्थाची ऊर्जा एखाद्या परक्या रेणूनें मध्येंच हिरावून घेतली, तर काय होईल? चमक मंदावेल, आणि ती मंदावणें हीच त्या परक्याच्या आगमनाची वर्दी ठरेल.

परंतु परका रेणु लक्षावधींत एखादाच असला, तर त्याची गांठ पडावी कशी? त्यासाठीं पदार्थ सच्छिद्र हवा. १९९८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें टिमथी स्वेगर व त्यांचे सहकारी यांनीं चमकणाऱ्या लांब रेणुमाला अशा रचल्या कीं, त्यांच्यांत रिकाम्या जागा राहाव्या. सुरुंगांतील टीएनटीची वाफ त्या जागांत शिरे. ऊर्जा साऱ्या मालेंतून फिरत असल्यामुळें एका ठिकाणीं बसलेला एकच रेणु बऱ्याच लांबीचा प्रकाश मालवी. दिवाळींतील दिव्यांच्या माळेंत एक दिवा गेला म्हणजे सबंध माळ विझते, तशांतलाच हा प्रकार.

पुढें २००५ सालीं ओमर यागी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कार्बनयुक्त रेणूंचीं नियमित, सच्छिद्र जाळीं विणलीं. धातुयुक्त जाळ्यांवरील कार्याबद्दल त्यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक इतर दोघांसह मिळालें. त्या पहिल्या कार्बनी जाळ्यांचे सांधे मात्र पाण्यानें उसवत. मग पाण्याची परीक्षा त्यांनीं कशी करावी? ही अडचण दूर करण्यांत महाराष्ट्राचा वांटा आहे, हें सांगतांना आम्हांस समाधान वाटतें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. राहुल बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं आम्लांत आणि उकळत्या पाण्यांतही टिकणारीं जाळीं सिद्ध केलीं. २०१५ सालीं त्यांनीं अशाच एका जाळ्याचे एकावर एक बसलेले थर सुटे केले. पिक्रिक आम्ल हें रंगाच्या व स्फोटकांच्या धंद्यांत वापरलें जाणारें विषारी द्रव्य. तें मिसळतांच द्रवांत पसरलेल्या थरांची चमक मंदावली. घनरूपांत मात्र तीच चमक वाढली! चीनमधील संशोधकांनीं २०१६ सालीं छिद्रांत गंधकाचे हात बसवून पारा ओळखणारें आणि तो पाण्यांतून काढूनही घेणारें जाळें प्रसिद्ध केलें.

हें वाचून आसेगांवच्या विहिरीचा प्रश्न सुटला असें कोणीं समजूं नये. पिक्रिक आम्लासाठीं घडविलेलें जाळें नायट्रेटची वार्ता देईलच असें नाहीं. प्रत्येक कुलुपाला निराळी किल्ली लागते. शिवाय विहिरीच्या पाण्यांत क्षार, गाळ आणि दहा इतर द्रव्यें एकत्र नांदतात. त्यांच्या गर्दींत नेमक्या एकालाच ओळखणें हीच खरी कसोटी आहे. आम्हांस वाटतें कीं, पुण्याच्या प्रयोगशाळेपासून वऱ्हाडांतील विहिरीच्या काठापर्यंतचें हें अंतर तोडणें, हें मूळ शोधाइतकेंच मोठें काम आहे. स्वस्त कागदाच्या पट्टीवर बसेल आणि सासूबाईंना व सुनेला सारखेंच वाचतां येईल, असें रूप ह्या विद्येला आलें पाहिजे.

तोंवर हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. पाण्याचा रंग पालटून दोष दाखविणारे साधे परीक्षासंच आज उपलब्ध आहेत, आणि गांवोगांवीं पांच महिलांना त्यांचा उपयोग शिकविण्याची योजना जलजीवन मिशनमध्यें आहे. संचांत दोष दिसला तर नमुना सरकारी प्रयोगशाळेंत पाठवावा. ज्यांचें घर शहरांत आणि विहीर गांवीं आहे, अशा आमच्या वाचकांनीं पुढच्या खेपेस गांवीं जातांना एवढें तरी अवश्य विचारावें: ह्या पाण्याची परीक्षा शेवटची केव्हां झाली? घरांत बाळंतीण असेल, तर हा प्रश्न उद्यांवर टाकूं नये.